फोर-के मॉनिटर किती इंचांचा घ्यावा?

फोर-के मॉनिटर घेताना जितका मोठा तितका चांगला, असा हिशेब बरेच जण करतात. पण पडदा २४ इंचांचा असो वा ४३ इंचांचा, ठिपके तेवढेच असतात: आडवे ३८४० आणि उभे २१६०. पडदा वाढला की ते फक्त विरळ होतात. २७ इंचांवर दर इंचाला सुमारे १६३ ठिपके बसतात, ३२ इंचांवर १३८ आणि ४३ इंचांवर जेमतेम १०२. निरोगी डोळ्याला ६० सेंटिमीटरवरून इंचाला साधारण १४५ ठिपक्यांपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. त्यामुळे टेबलावरच्या कामाला २७ ते ३२ इंच हाच योग्य पट्टा. देवनागरी वाचणाऱ्यांना तर ही दाटी अधिकच हवी. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांची बारीक वळणे विरळ ठिपक्यांत गिचमिड होतात.

यावर आक्षेप येतो तो असा: २७ इंचांवर अक्षरे बारीक दिसतात, स्केलिंग १५० टक्के करावे लागते आणि जागा २५६० बाय १४४० एवढीच उरते, मग फोर-केचे पैसे कशाला? जागा घटते हे खरे, पण तेच अक्षर सव्वादोनपट ठिपक्यांनी रेखले जाते आणि दिवसभर वाचणाऱ्याचा खरा फायदा तिथेच आहे. एक्सेलचे रुंद तक्ते किंवा दोन दस्तऐवज शेजारी-शेजारी हवे असतील, तर ३२ इंची घ्यावा. त्यावर बहुतेकांना १२५ टक्के पुरतात. मात्र त्याची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर असते, आणि जवळ बसल्यास मान सतत वळवावी लागते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी टेबलाची खोली मोजा. ती ६० सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर २७ इंचीच घ्या.