टाकीत उतरण्याआधीचा कागद

मुलगा जहाजावर किंवा आखातात कामाला निघाला की घरात चौकशी सुरू होते. पगार किती? खोली कशी? जेवण हलाल मिळेल ना? नमाजला सवड देतात का? अम्मी लोणच्याची बरणी बांधते, अब्बा पासपोर्ट दोनदा उघडून पाहतात. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत आम्ही हे पाहत आलो आहोत. या सगळ्यात एक प्रश्न मात्र राहून जातो : "टाकीत उतरायचं काम आहे का? असेल तर परमिट कोण देतं?"

जहाजाच्या टाक्या, मालाचे होल्ड, कारखान्यातले बॉयलर, गटारांचे मॅनहोल यांना कामाच्या भाषेत 'कन्फाइन्ड स्पेस' म्हणतात. तोंड अरुंद, वारा खेळत नाही आणि माणसाने आत राहावं म्हणून ती जागा बांधलेलीच नसते.

धोका डोळ्यांना दिसत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद लोखंडी टाकीला गंज चढतो तेव्हाही तो खर्च होत राहतो. म्हणून रिकामी, कोरडी, स्वच्छ दिसणारी टाकीसुद्धा जीव घेऊ शकते. सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस आत पाऊल टाकतो.

परमिट म्हणजे साहेबाची नुसती सही नव्हे. ती सही होण्याआधी काय काय झालं पाहिजे, याची ती यादी असते. टाकीत येणारे पाइप बंद केले का? आत फिरणारी यंत्रं असतील तर त्यांची वीज तोडून कुलूप लावलं का? पंख्याने ताजी हवा आत सोडली का? मीटरने वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासली का? कोण कोण आत जाणार आणि किती वेळ? तोंडाशी पहारा कोण देणार? परमिट त्याच कामापुरतं आणि ठरलेल्या वेळेपुरतं असतं. काम मध्येच थांबलं, तर पुन्हा उतरण्याआधी हवा पुन्हा तपासायची.

पहारेकऱ्याचं काम सर्वांत कठीण. आतला साथी कोसळला तरी त्याने आत उडी घ्यायची नाही. मदत बोलवायची आणि दोरीने ओढून काढता येत असेल तरच बाहेरून ओढायचं. हे ऐकायला निष्ठुर वाटतं. पण अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने १९८६ साली सांगितलं होतं, की अशा जागांतल्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. एकाच टाकीत आधी एक भाऊ जातो, मग त्याला काढायला दुसरा. जहाजांवर तर या बचावाचा सराव दर दोन महिन्यांनी घेणं २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे.

आपल्या देशातही १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमात हे सांगितलेलं होतं : जाणकाराने स्वतः हवा तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं, कमरेला पट्टा बांधावा आणि त्याच्या दोरीचं टोक बाहेरच्या माणसाने धरावं.

आणि आपल्या अंगणातली विहीर, शौचालयाची टाकी? तिथे परमिट देणारं कोणी नसतं, धोका मात्र तोच. जुनी माणसं विहिरीत दिवा सोडून पाहत. पण सगळे विषारी वायू दिव्याने कळत नाहीत आणि आत पेट घेणारा वायू असेल तर दिव्यानेच भडका उडतो. डिझेलचा पंपही विहिरीत उतरवून चालवू नये; त्याचा धूर तळाशी साचतो. शौचालयाच्या टाकीत माणूस उतरवायचाच नाही, उपसा करणारी गाडी बोलवायची. २०१३ च्या कायद्याने अशा जीवघेण्या कामाला माणूस लावणं गुन्हा ठरवलं आहे. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका, ११२ किंवा १०१ वर फोन करा.

आम्हाला ठाऊक आहे, व्हिसासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर असताना "परमिटशिवाय उतरणार नाही" म्हणणं सोपं नाही. नोकरी जाईल ही भीती खरी असते. म्हणूनच ते बळ घरातून मिळायला हवं. खबरदारी घेतल्यावर जे उरतं, ते अल्लाहवर सोपवणं हा तवक्कुल. खबरदारीच न घेणं हा निष्काळजीपणा. पुढच्या वेळी फोनवर पगाराआधी हे विचारू या. आणि मुलाने सांगितलं, की आज कागद नव्हता म्हणून मी उतरलो नाही, तर त्याला शाबासकी देऊ या.