पेठेची पत आणि यंत्राची शिफारस

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांच्या हाती आले त्याला तीन वर्षे उलटून गेली, आणि तेवढ्या अवधीत भिवंडीतल्या कामतघरच्या माणसाने दुकान निवडण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारण्याची रीत किती सहज सोडून दिली हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. वऱ्हाळदेवी तलावाच्या बाजूच्या नव्या इमारतीत राहावयास आलेले एक कुटुंब घरच्या लग्नासाठी शिंपी शोधीत होते. त्यांनी चॅटबॉटला विचारले, त्याने ठाण्याची आणि कल्याणची नावे सांगितली, आणि या वस्तीतल्या दोन पिढ्यांचे कपडे ज्याने शिवले तो कारागीर त्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत मशीनवर बसलेला असूनही त्याचा नामोल्लेख कोठे झाला नाही. हा अन्याय मला डाचतो, आणि तो एका दिवसात घडलेला नाही.

भिवंडीचा पूर्वेतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे पुष्कळ काम इकडच्या यंत्रमागांकडे वळले, पद्मानगरचे तेलुगू विणकर आणि उत्तरेकडून आलेले कामगार यांनी कसबा गजबजला, नगरपालिकेची महानगरपालिका झाली, एवढे म्हटले तरी पुरे. त्या काळातली एकच गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कापडाच्या दलालाने ताण्याच्या सुताला खळ देऊन बीम भरणाऱ्या एखाद्या सायझिंगवाल्याचे नाव घेतले की त्या नावामागे दलालाची स्वतःची पत तारण पडलेली असे. बीम खराब निघाले तर कारखानदार सायझिंगवाल्याच्या आधी दलालाचे दार ठोठावी, आणि दलालाला ते उघडावेच लागे.

मला रेंगाळावयाचे आहे ते २०१४ ते २०२४ या दशकात. २०१४ च्या जून महिन्यात गूगलने दुकानदारांना आपली नोंद नकाशावर फुकट करण्याची सोय दिली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि मागावरच्या कामगाराच्या हातीही इंटरनेट पोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आणि पुढच्या जुलैत जीएसटी असे दोन आघात पाठोपाठ बसल्यामुळे, ज्याचा व्यवहार कागदावर नाही त्याला बाजारात उभे राहणे दुष्कर झाले. त्या दिवसांत आमच्या भागातली काही होतकरू मुले दुकानोदुकानी हिंडून या नोंदी करून देत, आणि मीही त्यांच्याबरोबर हिंडत असे. नोंद पक्की होण्यासाठी पाच आकडी क्रमांकाचे पत्र टपालाने येई. परंतु गाळ्याला क्रमांक नाही, चाळीचे नाव दफ्तरात एक आणि लोकांच्या तोंडी दुसरे, अशा स्थितीत ते पत्र कित्येकदा पोचतच नसे. रोमन लिपीत कामतघर कोणी एका तऱ्हेने लिही, कोणी दुसऱ्या. मागाला लागणारे धोटे, पिकर आणि फण्या विकणाऱ्या एका वृद्ध दुकानदाराची नोंद ‘कापड गिरणी’ या सदरात पडली होती. ती दुरुस्त झाली त्या दिवशी त्याने फोनवर आपल्या दुकानाचे नाव चष्मा पुसून दोनदा वाचले आणि सर्वांना चहा पाजला. त्या मुलांनी केलेले काम लोकोपयोगी होते, आणि त्याची दखल कोणीच घेतली नाही, हे आज स्पष्ट लिहून ठेवतो.

दखल घेतली गेली ती दुसऱ्याच मंडळींची. ‘पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ अशी हमी देऊन वर्षाची रक्कम आगाऊ घेणारे, कधीही कामतघरात पाऊल न टाकलेल्या माणसांकडून पाच-पाच तारे आणि स्तुतीचे ठरावीक वाक्य मिळवून देणारे हे लोक. त्यांनी प्रामाणिक दुकानदाराचे पैसे तर नेलेच, शिवाय ग्राहकाचा अभिप्राय या गोष्टीवरचा विश्वासही नासवला. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरात अशा अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक जाहीर केले, परंतु ते ऐच्छिक असल्यामुळे ज्यांना आळा घालावयाचा त्यांनी ते पाळण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. दरम्यान २०२० ची टाळेबंदी आली, पुष्कळ माग भंगारात गेले, दुकाने मिटली. नोंदी मात्र जागच्या जागी उघड्याच राहिल्या.

आज नोंदींचे आणि अभिप्रायांचे तेच खरे-खोटे साहित्य चॅटबॉटसारख्या यंत्राच्या पुढ्यात आहे. पूर्वी शोध घेणाऱ्यासमोर दुकानांची लांब यादी येई आणि निवड त्याची असे. २०२४ मध्ये गूगलने उत्तराचा सारांश आयता वर देण्यास आरंभ केला, चॅटजीपीटी तर त्याआधीच इंटरनेट धुंडाळू लागले होते, आणि यादीच्या जागी दोन-तीन नावे उरली. जे कोठेच लिहिलेले नाही ते यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही. साहजिकच जुने हमीवाले आता ‘एआयकडून तुमची शिफारस करवतो’ असा नवा फलक लावून बसले आहेत. दुकानदारांनी एवढे समजून घ्यावे, की प्रिन्स्टन आणि आयआयटी दिल्ली येथील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०२३ च्या एका अभ्यासात, तेच ते शब्द मजकुरात कोंबण्याचा फारसा उपयोग होत नाही, उलट आकडे, अवतरणे आणि आधार दिलेला मजकूर यंत्राच्या उत्तरांत अधिक ठळकपणे येतो, असे आढळले होते. म्हणजे आमच्या शिंप्याला जादूगाराची गरज नाही. तो काय शिवतो, किती दिवसांत देतो, दर काय, दुकान कोणत्या वारी बंद, गल्ली कोणती, हे मराठीत आणि हिंदीत, सर्वत्र एकाच नावाने आणि एकाच पत्त्याने, खरे-खरे लिहिले गेले पाहिजे.

हे काम प्रत्येक कारागिराने एकट्याने करावे असे म्हणणे निर्दयपणाचे आहे. गुमास्त्याचे कागद सरकारदरबारी आहेत, मालमत्तेचे दफ्तर महानगरपालिकेजवळ आहे, व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, वाचनालये आहेत, फोन सराईतपणे वापरणारी मुले तर घरोघर आहेत. त्यांनी मिळून कामतघरच्या धंद्यांची एक उघडी वही तयार करावी, दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष दारात जाऊन तपासावी, बंद झालेल्यांची नावे काढावी. आणि प्रत्येक नोंदीखाली ती तपासणाऱ्याचे नाव असावे, म्हणजे नोंद खोटी निघाल्यास कोणाचे दार ठोठावावयाचे हे गावाला ठाऊक राहील. यंत्र जामीन राहू शकत नाही; ते ओझे माणसानेच उचलले पाहिजे.