मुलांचे मन आणि शाळेचे वेळापत्रक

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये शेलू नावाचे एक लहान स्थानक आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईच्या प्रवाशाला ते गाडीच्या खिडकीतून दिसे, एवढाच त्याचा परिचय. भातशेती, विटभट्ट्या आणि आसपासच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या असा हा मुलूख. आता येथे इमारती उठल्या आहेत. मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही असा नोकरदार येथे येऊन राहतो. गिरणी कामगारांना शेलू-वांगणीला घरे देण्याची योजना सरकारने पुढे केली, तेव्हा अंतराच्या कारणावरून कामगारांनी तिला विरोध केला आणि या गावाचे नाव वृत्तपत्रांतून गाजले. इतक्या लांब जावे की न जावे हा प्रश्न मोठ्या माणसांचा झाला. जी कुटुंबे येऊन राहिली आहेत, त्यांच्या मुलांना मात्र तो कोणी विचारलेला नाही.

पहाटेच्या गाडीने बाप जातो, पुष्कळदा आईही जाते, आणि दोघे परततात तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झालेला असतो. मधल्या काळात मूल घराची किल्ली सांभाळते. त्याच्या शेजारी वर्गात बसणारे दुसरे मूल विटभट्टीवरचे. दिवाळी झाली की त्याचे आईबाप बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. तिसऱ्याच्या घरी नुकतीच जमीन विकली गेली असून पैशावरून भावाभावांत बोलणे बंद झाले आहे. ही तिन्ही मुले एका बाकावर बसतात. गुरुजी हजेरी घेतात, तिघेही 'हजर' म्हणतात, आणि शाळा सुरू होते.

राग आवरावा कसा, दुःख सांगावे कोणाला, आपल्याहून वेगळ्या मुलाशी मैत्री कशी करावी, भांडण झाल्यावर पुन्हा बोलते कसे व्हावे, या गोष्टी शाळेने शिकवाव्यात असे अलीकडे आग्रहाने सांगितले जाऊ लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी दिली. तीत आत्मभान, समानुभूती, भावनांचे आणि ताणाचे नियोजन ही कौशल्ये होती. दिल्ली सरकारने 2018 साली शाळांमधून आनंदाचा अभ्यासक्रम सुरू केला. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सामाजिक आणि भावनिक क्षमतांचा उल्लेख आहे. एकूण, विषय सरकारदरबारी मान्य झाला आहे. आणि आपल्याकडे एखादा विषय दरबारी मान्य झाला की त्याचा तास होतो, तासाचे टिपण होते, टिपणाची नोंदवही होते. माझी भीती आहे ती येथे.

ही नवी थेरे आहेत, पूर्वी छडी होती तेव्हा मुले सरळ होती, असे म्हणणारी मंडळी शिक्षकवर्गातही कमी नाहीत. त्यांच्याशी मला सहमत होता येत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा 213 कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यांत 2,70,034 विद्यार्थी होते, बहुतांश अमेरिकेतले. मुलांचे वागणे तर सुधारलेच, पण अभ्यासातही फरक पडला. शंभरांच्या क्रमवारीत खालून पन्नासाव्या जागी असलेले मूल एकसष्टाव्या जागी जावे, एवढा तो फरक होता. तेव्हा मनाकडे लक्ष दिले तर गणित मागे पडते, या समजुतीला आधार नाही.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ब्रिटनमध्ये 85 शाळांतील 11 ते 14 वर्षांच्या 8,000हून अधिक मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून मुलांना मन शांत व सावध ठेवण्याचे धडे देवविले गेले. 2022 साली निष्कर्ष आले. ज्या शाळांत हे धडे नव्हते तेथील मुलांपेक्षा या मुलांचे मानसिक आरोग्य काही अधिक चांगले आढळले नाही. गंमत अशी की शिक्षकांना मात्र त्याचा काही काळ उपयोग झाला. त्यांचा थकवा आणि वैताग कमी झाला, शाळेतले वातावरणही थोडे निवळले. धडा मुलांसाठी होता आणि गुण आला तो गुरुजींना! या निष्कर्षाकडे आपल्या शिक्षणखात्याने बारकाईने पाहावे असे मला वाटते, कारण असाच अनुभव आपण घरीही घेतला आहे.

महाराष्ट्रात 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात मूल्यशिक्षण आले. दहा मूल्ये ठरली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती अशा त्या यादीत 'संवेदनशीलता' आणि 'सौजन्यशीलता' हीदेखील होती. परिपाठाच्या वेळी प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा हे सारे ओळीने होई. भिंतीवर दहा मूल्यांचा तक्ता लागला. त्या परिपाठाने काहीच साधले नाही असे मी म्हणणार नाही. ज्या मुलाने आयुष्यात कधी चार लोकांपुढे तोंड उघडले नव्हते ते दिनविशेष वाचायला उभे राहिले, हेही थोडके नाही. पण सौजन्याची बोधकथा संपताच उशिरा आलेल्या मुलांना मैदानात ओणवे उभे केलेलेही मी पाहिले आहे. तक्ता तेथेच भिंतीवर होता.

मी स्वतः फार वेगळा शिक्षक नव्हतो. एका शाळेत, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, माझ्या वर्गात पहिल्या तासाला रोज झोपणारा एक मुलगा होता. मी त्याला उठवीत असे, कधी बाकावर उभा करीत असे, आणि वर्षअखेर प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या जागी मी 'निष्काळजी' असा शब्द लिहिला. पुढे कळले की त्याची आई भाजीची पाटी घेऊन पहाटेची गाडी पकडत असे, बाप रात्रपाळीला असे, आणि नळाला पाणी येई रात्री दोन वाजता. धाकट्या बहिणीला निजवून पाणी भरण्याचे काम या निष्काळजी मुलाकडे होते. तो शेरा मला नंतर खोडता आला नाही, कारण पुस्तक घरी गेले होते आणि बापाने त्यावर अंगठा उठवला होता. सहानुभूतीवरचा धडा मी त्या वर्षीही, चांगला, उदाहरणे देऊन शिकवला होता.

या मातीत याहून वेगळी वाट दाखवणारी माणसे होऊन गेली आहेत, आणि त्यांनी ती दाखवली तेव्हा या विषयाला नावही नव्हते. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी मुलांना स्वच्छतेवर व्याख्यान दिले नाही. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, विस्कटलेले कपडे घड्या करून ठेवीत. चार दिवसांनी मुले आपणहून खोल्या आवरू लागली. ते 'छात्रालय दैनिक' हस्तलिखित स्वरूपात काढीत. रोज हाताने लिहून काढायचे हे काम किती वेळ घेत असेल याची कल्पना शिक्षकांना सहज येईल. त्यांचे नाव काढले की आपण लगेच डोळे पुसू लागतो. परंतु त्यांच्या शिकवण्यातील खरा भाग रडण्याचा नव्हता, वेळ देण्याचा होता, हे आपण विसरतो.

दुसरे उदाहरण शेलूच्या वाड्यांना अधिक जवळचे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींचे काम आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज आपल्या तोंडात सरकारी योजनेचा म्हणून आहे. त्यामागे ही पायपीट आहे. मुले गुरे वळायला जातात म्हणून कुरणशाळा भरवली. आलेल्या मुलांना आधी न्हाऊ-माखू घालायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, आणि मग अक्षराकडे वळायचे. अंगाला हात लावून केस विंचरणाऱ्या बाईंवर मुलाचा विश्वास बसतो, आणि विश्वास बसल्यावरच ते बोलते. त्या विंचरण्याला वेगळा तास नव्हता. शाळाच तशी होती.

आपत्तीने हा विषय आपल्यासमोर आणून उभा केल्याचीही उदाहरणे आहेत. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला. शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुले पुण्याजवळ वाघोलीला आणली आणि तेथे त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था केली. पुढे 2009 साली त्यांच्याच पुढाकाराने बीड जिल्ह्यातील 500 शाळांत 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू झाला आणि काही वर्षांनी राज्यभर पसरला. त्यात मुले जोडीने व गटाने बसतात, एकमेकांशी बोलतात, खेळातून नियम ठरवतात. गुरुजींनी सांगायचे आणि मुलांनी ऐकायचे हा क्रम त्यात मुद्दाम मोडला आहे. या उपक्रमातले मला हेच महत्त्वाचे वाटते. जोडीत बसायचे म्हटले की विटभट्टीवरच्या मुलाला इमारतीतल्या मुलाकडे तोंड करून बसावेच लागते.

आणि आता आमच्या अगदी शेजारची गोष्ट. कर्जतला लागून असलेल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखाली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. 19 जुलै 2023च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता; मदतीला गेलेली माणसे चिखलातून पायी चढली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. वाडीतली काही मुले त्या रात्री आश्रमशाळांच्या वसतिगृहांत होती म्हणून वाचली. ज्या मुलाच्या घराचा आणि वाडीचा मागमूस राहिलेला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काय सांगायचे? ते कोणी सांगायचे? पुढच्या महिन्यात ते मूल वर्गात खिडकीबाहेर पाहत बसले, किंवा पाऊस वाजू लागताच उठून दाराकडे धावले, तर त्याला 'लक्ष दे' म्हणायचे की नाही? डी.एड.च्या अभ्यासक्रमात मी हे शिकलो नव्हतो. सह्याद्रीच्या या उतारांवर पुन्हा पाऊस पडणार आहे, आणि ज्या आश्रमशाळांत मुले दहा-दहा महिने आईबापांवाचून राहतात, तेथे मुलांचे मन जाणणारे प्रशिक्षित माणूस नेमणे ही चैन म्हणता येणार नाही. ती नेमणूक आपत्तीनंतर पंधरा दिवसांसाठी असून भागत नाही, कारण मुलाचे दुःख पंधरा दिवसांनी सुरू होते, पाहुणे निघून गेल्यावर.

बाकीच्या शाळांचे काय? तेथे समुपदेशक येणार नाही, हे गृहीत धरूनच बोलले पाहिजे. वाड्यावस्त्यांवरच्या कित्येक शाळांत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असा हिशेब असतो. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने कलम 17 अन्वये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. कलम 27 अन्वये शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य कामाला जुंपू नये असेही सांगितले. पहिल्या कलमाची आठवण शिक्षकाला सगळेच करून देतात, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या कलमाची आठवण खात्याला कोणी करून द्यायची? माहिती भरा, छायाचित्र पाठवा, अहवाल आजच हवा, या तगाद्यात ज्याचा दिवस जातो, त्याला मुलाच्या चेहऱ्याकडे पाहण्याइतकी स्वस्थता कोठून मिळणार? ब्रिटनच्या त्या प्रयोगात शिक्षकाचा ताण उतरला तेव्हा शाळेचे वातावरण निवळले, हे येथे पुन्हा आठवावे. खात्याला मुलांची मने घडवायची असतील तर नवी पुस्तिका छापण्याआधी त्याने शिक्षकाकडून मागवायच्या कागदांची संख्या निम्म्यावर आणून पाहावी. या उपायाला पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच तो कोणाला सुचत नाही.

शिक्षकांनीही मात्र याच सबबीआड बसू नये. हजेरी घेताना मान वर करून पाहायला वेळ लागत नाही. कातकरी मूल घरची बोली बोलते तेव्हा वर्ग हसतो. त्या हसण्याचे काय करायचे हे गुरुजींच्या हाती आहे. चार दिवस न आलेल्या मुलाला 'का आला नाहीस' याऐवजी 'बरा होतास ना' असे विचारायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. आणि प्रगतिपुस्तकातला शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्या मुलाचे घर पाहून यावे, हे मी अनुभवाने सांगतो.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे. कुटुंब कामासाठी दुसरीकडे गेले तर तेथील शाळेने हे कार्ड पाहून मुलाला वर्गात बसवून घ्यावे, हा हेतू. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला वाचता-लिहिता किती येते, हे त्यावरून नव्या गुरुजींना कळावे. व्यवस्था चांगली आहे. मला विचाराल तर त्या कार्डावर मी आणखी दोन ओळींची जागा ठेवीन. हे मूल वर्गात कोणाशेजारी बसत असे, ही एक. आणि कशाला घाबरते, ही दुसरी. दिवाळीनंतर शेलूच्या परिसरातून निघणाऱ्या मुलांच्या कार्डांवर या दोन ओळी भरून देता येतील काय, एवढेच तेथील गुरुजींनी आपल्यापुरते पाहावे.