‘ठ’चं पोट कुठे गेलं?

जाड कागदावर ठसठशीत ‘ठ’ काढा आणि कटरने त्याची रेघ कापून घ्या. शेवटचा काप पूर्ण झाला की आतली गोल चकती टपकन खाली पडते. हातात उरतं नुसतं भोक, आणि त्यातून रंग मारला तर उमटतो भरीव गोळा. ‘ठ’चं पोट जागेवर ठेवायचं तर त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणाऱ्या दोन बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांचंही तेच. लाकडी खोक्यांवरच्या छापील अक्षरांत मध्येच फटी दिसतात, त्या या पट्ट्यांच्या.

जपानमधल्या कापड रंगवणाऱ्यांना या फटी नको होत्या. त्यांच्या अशा कापलेल्या कागदी साच्याला कातागामी म्हणतात. हातकागदाचे थर पर्सिमन या फळाच्या तुरट रसाने चिकटवून तो करतात. रसातल्या टॅनिनमुळे कागद पाण्याला दाद देत नाही, म्हणून कापडावर रंग अडवायला साच्यातून लावलेली तांदळाची खळ साच्यावरून धुऊन तोच पुन्हा वापरता येतो. सुटणारे तुकडे धरून ठेवायला त्यात रेशमाचे धागे, आणि पुढे रेशमाची जाळीच बसवू लागले. धागा इतका बारीक, की खळ त्याच्या खालून वाहत येऊन मिळते आणि फट उरत नाही. जाळीवरून छपाई करण्याचं पेटंट 1907 मध्ये इंग्लंडच्या सॅम्युअल सायमन यांनी घेतलं. आपल्या लग्नपत्रिकांचं आणि टी-शर्टचं स्क्रीन प्रिंटिंग याच तत्त्वावर चालतं.

अक्षराचा प्रश्न सुटला, तरी खरी परीक्षा कडेची असते. कापडी पिशवीवर पानाचा साचा ठेवून आपण हौसेने रंग फिरवतो आणि साचा उचलल्यावर पानाला मिशा फुटलेल्या दिसतात. मुलं हिरमुसतात, आपला हात वाईट आहे असं त्यांना वाटतं. दोष हाताचा नसतो. साचा आणि पृष्ठभाग यांच्यात केसाएवढी फट राहते आणि पातळ रंग तिच्यात आपोआप ओढला जातो. हे केशाकर्षण. फट जितकी अरुंद, तितकी ही ओढ जास्त. कापडात तर धाग्याधाग्यांमध्ये अशा असंख्य फटी असतात.

मग करायचं काय? रंगात पाणी घालू नका. ब्रश रंगात बुडवल्यावर कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि उभा धरून टेकवत जा, ओढू नका. ओढायला द्रवच उरला नाही, तर फट काय ओढणार? भिंतीवर एक युक्ती फार छान चालते: साचा चिकटवल्यावर कडेने आधी भिंतीचाच रंग हलका टेकवायचा. जो झिरपायचा तो तोच झिरपतो, दिसत नाही आणि वाळून फट बुजवतो.

रंग झिरपू न देण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तो फवारणं, आणि तो फार जुना आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गुहेच्या भिंतीला हात टेकवून भोवती रंग फवारलेला आहे. त्यावर साचलेल्या क्षारांच्या थरावरून तो ठसा किमान 39,900 वर्षांपूर्वीचा ठरला. तिथे साचा म्हणजे माणसाचा स्वतःचा पंजा. फवाऱ्याचे थेंब बारीक असतात, पडतात तिथेच बसतात. वाहून बोटांखाली शिरण्याइतका द्रव त्यांच्यात नसतो.

आज बाजारात मिळणारे पारदर्शक साचे बहुधा पॉलिएस्टरच्या फिल्मचे असतात. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक तेच. लवचीक, पाणी न शोषणारं, शेकडो वेळा वापरता येणारं. पण साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे ते मऊ पडू लागतं. कढत पाण्यात टाकलेल्या साच्याची कड वाकते आणि वाकलेली कड म्हणजे नवी फट. शिवाय ॲक्रिलिक रंग नुसता सुकत नाही. त्यातलं पाणी उडालं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि तो मग पाण्यात विरघळत नाही. नखाने खरवडायला गेलं, की नाजूक पट्ट्या तुटतात. म्हणून साचा रंग ओला असतानाच साफ करायचा, ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

हा रंग प्लास्टिकच आहे, हेही लक्षात असू द्या. नळाखाली धुतलेला प्रत्येक थेंब गटारातून ओढ्या-नदीकडे जातो. तेव्हा साचा आधी जुन्या फडक्याने नीट पुसून घ्या, मगच थोड्या गार पाण्यात धुवा. वाळवताना तो सपाट ठेवा, कड दुमडू देऊ नका.