तारायानाची पागा

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका १९६६ साली सुरू झाली. तिच्यातील ‘एंटरप्राइझ’ या तारायानाच्या मागच्या भागात एक प्रशस्त दालन आहे. त्याचे प्रचंड दरवाजे उघडतात, आतून एक छोटे यान बाहेर पडते आणि कुठल्याशा ग्रहाकडे निघून जाते. दालनाला म्हणतात हँगर आणि छोट्या यानाला शटल. शटल म्हणजे मूळचा मागावरचा धोटा, या काठापासून त्या काठापर्यंत सारखी ये-जा करणारा. गिरण्यांच्या आपल्या इंदुरात जुन्या माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागू नये. कन्नड विभागातील मित्र त्यालाच लाळी म्हणतील. हँगरला विमानघर असा प्रतिशब्द आहे खरा, पण मला होळकरशाहीतली पागा अधिक जवळची वाटते. पागेत घोडा नुसता बांधून ठेवीत नसत. खरारा, नाल, दाणावैरण, औषधपाणी सारे तिथेच होई. हँगरचेही तेच आहे. ते कोठार असते, कारखाना असतो आणि दवाखानाही असतो.

कल्पनेतल्या या पागेची पहिली अडचण हवेची. बाहेर निर्वात पोकळी आणि आत आपल्या श्वासाची हवा. हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन असतो. म्हणजे १० मीटर लांब व १० मीटर उंच दरवाजा धरला, तर त्यावर आतून १००० टनांचा रेटा बसेल. शिवाय ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद व १० मीटर उंच दालनात सुमारे साडेपाच टन हवा मावते. शटल सोडताना दर खेपेस ती अवकाशात उधळून दिली, तर यानाचे दिवाळे निघेल! म्हणून दार उघडण्यापूर्वी हवा पंपाने ओढून साठवून ठेवणे भाग आहे. यातले काही नुसते कल्पनेतले नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून अंतराळवीर बाहेर पडतात, तेव्हा त्या छोट्या कोठडीतील बरीचशी हवा अशीच आधी स्थानकात परत घेतली जाते.

दुसरी अडचण जागेची. इथे मात्र मालिकेच्या मंडळींनी चक्क हातचलाखी केली. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणे खर्चाच्या दृष्टीने परवडेना, म्हणून माणसांना क्षणात खाली पोचवणारे एक यंत्र कथेत घालण्यात आले. पुढे शटल हवेच झाले, तेव्हा त्याचा पूर्णाकृती सांगाडा एएमटी या प्लास्टिकचे नमुने विकणाऱ्या कंपनीने करून दिला आणि मोबदल्यात मालिकेतील यानांचे नमुने विकण्याचा हक्क मिळवला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा सौदा आवडल्यावाचून राहत नाही. पण सांगाडा पडला लहान. बाहेरून पाहिले तर ज्यात माणूस धड ताठ उभा राहू नये, त्याच शटलच्या आत नट मजेत उभे असलेले दिसतात. हँगर तर निव्वळ छोटी प्रतिकृती होती. एखाद्या हिशेब-तपासनिसाने पट्टी घेऊन या वह्या तपासल्या असत्या, तर सही केली नसती. प्रेक्षकांनी मात्र हा हिशेब कधी मागितला नाही.

खऱ्या जहाजावर तो मागितला जातो. ‘एंटरप्राइझ’ हे नाव आकाशातून पडलेले नाही. ते अमेरिकन विमानवाहू जहाजाचे नाव आहे, आणि त्या नावाचे अणुशक्तीवर चालणारे जहाज नोव्हेंबर १९६१ मध्ये नौदलात दाखल झाले. आपली पहिली ‘विक्रांत’ त्याच वर्षी, ४ मार्चला बेलफास्ट येथे दाखल झाली. नोव्हेंबरात ती मुंबईला आली तेव्हा पंडित नेहरूंनी तिचे स्वागत केले. सप्टेंबर १९४५ मध्ये जलावतरण होऊन युद्ध संपल्यामुळे अर्धवट पडलेले हे ब्रिटिश जहाज आपण १९५७ साली विकत घेतले आणि बांधून पुरे करून घेतले होते. त्या वेळी तिच्यावर मुद्दाम मोठ्या लिफ्ट बसवण्यात आल्या, ५४ फूट लांब आणि ३४ फूट रुंद.

ही लिफ्ट म्हणजे साऱ्या प्रकरणाची किल्ली. विमाने उडतात वरच्या धावपट्टीवरून, पण त्यांची पागा असते पोटात, खारट वाऱ्यापासून दूर. वर-खाली जाण्याची वाट एवढीच. ३४ फूट म्हणजे १० मीटरांहून थोडे अधिक. ‘सी-हॉक’ विमानाचा पंखांचा पसारा सुमारे १२ मीटर, पाणबुड्यांच्या शोधावर जाणाऱ्या ‘अलिझे’चा १५ मीटरांहून जास्त. म्हणून त्यांचे पंख दुमडत. डिसेंबर १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवणारी ‘सी-हॉक’ विमाने मोहिमेगणिक अशी पंख मिटून खाली जाणारी होती. पुढे आलेल्या ‘सी हॅरियर’ची गंमत वेगळी. त्याचे पंख मुळातच आखूड, जेमतेम पावणेआठ मीटरांचे. पण लांबी अडचणीची, म्हणून त्याचे नाक बाजूला दुमडता येई. गोव्यात बोगमाळ्याजवळच्या नौदल विमान संग्रहालयात ही तिन्ही विमाने उभी आहेत. तिथे जाणाऱ्याने हॅरियरचे नाक जरूर न्याहाळावे.

बंद पागेचा दुसरा शत्रू म्हणजे आग. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. तेलाने भरलेली आणि बॉम्ब लावलेली विमाने बंदिस्त हँगरात दाटीने उभी होती, त्यामुळे थोड्या बॉम्बांनी सर्वनाश केला. १९४४ मध्ये ‘ताइहो’ हे जपानी जहाज एका पाणतीरानंतरही तरंगत होते, पण गळालेल्या पेट्रोलची वाफ जहाजभर पसरली आणि काही तासांनी भडका उडाला. या एका बाबतीत तारायान सुखी म्हणायचे. आग लागली तर माणसे बाहेर काढून हवा सोडून द्यावी, की आग आपोआप विझली.

आता नव्या ‘विक्रांत’कडे येऊ. कोचीनच्या गोदीत बांधलेली ही २६२ मीटर लांबीची युद्धनौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली. तिचा आराखडा झाला तेव्हा डोळ्यांसमोर रशियन मिग-२९के हे विमान होते. त्याचा पसारा सुमारे १२ मीटर, पण पंख दुमडले की पावणेआठ. लिफ्टची रुंदी १० मीटर ठेवली गेली, आणि हिशेब जुळला. पुढे दुसरे विमान शोधायची वेळ आली, तेव्हा २०२२ मध्ये गोव्याच्या हंस तळावर उड्डाणाच्या उंचावत्या धावपट्टीवरून फ्रेंच ‘रफाल मरीन’ आणि अमेरिकन ‘सुपर हॉर्नेट’ या दोघांची परीक्षा झाली. सुपर हॉर्नेटचे पंख दुमडतात, रफालचे दुमडत नाहीत. त्याचा पसारा १०.९ मीटर. दहा मीटरांच्या लिफ्टवर हे विमान बसवायचे कसे, हा प्रश्न तेव्हा बराच गाजला. तरीही इतर गुणांचे पारडे जड ठरले आणि एप्रिल २०२५ मध्ये २६ विमानांचा करार झाला, सुमारे ६३,००० कोटी रुपयांचा.

आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत लिफ्ट हे स्थिर भांडवल आहे. विमाने वीस-तीस वर्षांनी बदलतात, जहाजाला पाडलेले भोक मात्र तसेच राहते. ते आखणाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्या खरेदीदाराचे हात नकळत बांधलेले असतात. मला वाटते, त्या वेळी मीटरभर जास्त रुंदीचा खर्च कोणी मांडला असता, तर तो ६३,००० कोटींच्या शेजारी क्षुल्लक दिसला असता. पण जहाजात एक मीटर कुठेतरी दुसरीकडून कापावा लागतो, हेही खरे.

बंगळूरच्या अभियंत्यांनी नौदलासाठी जे दोन इंजिनांचे लढाऊ विमान कागदावर आखले आहे, त्याचे पंख आराखड्यातच दुमडते ठेवले आहेत. इथे विमान लिफ्टच्या मापाने बेतले जात आहे.