जोशीचा वाढदिवस आणि गाळ्यावरची खतावणी

संगणकाच्या विषाणूंच्या जागतिक याद्यांमध्ये एक मराठी आडनाव आहे. १९९० साली भारतात प्रथम आढळलेल्या एका विषाणूचे नाव ‘जोशी’. दरवर्षी ५ जानेवारीला तो जागा होई, काम थांबवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करायला सांगे. तेवढे टाइप केले की यंत्र पुन्हा चालू. नाही केले तर ठप्प. नाव वाचून हसू येते, पण या विषाणूची रचना पाहिली तर घरातला संगणक कसा सांभाळावा याचे निम्मे उत्तर तिथेच सापडते.

मी १९९२ पासून मार्केट यार्डातल्या गाळ्यांवर हिशेबाचे संगणक लावून देतो. हे शास्त्र मी महाविद्यालयात शिकलो नाही. जुन्या पुस्तिका, रद्दीतली संगणकविषयक मासिके आणि बिघडलेली यंत्रे यांच्याकडून शिकलो. त्यामुळे या लेखात पुस्तकाइतकाच गाळ्यावरचा अनुभव येईल.

त्या काळी संगणक सुरू केला की तो डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचे आणि त्यात लिहिलेल्या सूचना निमूटपणे पाळू लागे. पुढचे सगळे या तुकड्याच्या भरवशावर चाले. ‘जोशी’ नेमका तिथे बसे. यंत्र चालू करताना फ्लॉपी खाचेत विसरून राहिली असेल, तर तिच्यावरचा विषाणू आधी स्मृतीत शिरे, मग हार्ड डिस्कवर, आणि पुढे त्या यंत्रात घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी तो स्मृतीतून जात नसे. वीज पूर्ण बंद करून, खात्रीच्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करणे हाच उपाय होता.

ती फ्लॉपी स्वच्छ राहील याची हमी एका चिकटपट्टीवर होती. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. खाच उघडी असेल तर यंत्र तिच्यावर लिहू शके. पट्टीने झाकली की फक्त वाचता येई. विषाणू कितीही हुशार असला तरी झाकलेल्या खाचेपुढे त्याचे काही चालत नसे, कारण तो अडथळा प्रोग्रॅममध्ये नव्हता, यंत्राच्या सांध्यात होता. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागेल.

‘जोशी’च्या आधी, १९८६ मध्ये, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ हा विषाणू लिहिला होता. त्यात त्यांच्या दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही होते. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना धडा शिकवायचा होता, असे त्यांनी नंतर सांगितले. हेतू काहीही असो, विषाणूला वाहन मिळाले ते चोरट्या प्रतींचेच. आपल्याकडेही वेगळे नव्हते. हजारो रुपयांचा प्रोग्रॅम वीस रुपयांच्या फ्लॉपीवर मित्राकडून मित्राकडे जाई आणि विषाणू त्याच्याबरोबर फुकट प्रवास करी. त्या काळी तो तारेतून येत नसे. तो ओळखीच्या माणसाच्या हातून येई, म्हणून कुणाला संशय येत नसे.

यातूनच पुण्यात एक वेगळी गोष्ट घडली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर शालेय शिक्षणानंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे संगणक दुरुस्तीकडे वळले. १९९३ मध्ये त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक यंत्रांत सुटा भाग बिघडलेला नसे, विषाणू शिरलेला असे. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी हे विषाणू काढणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीलाच ते नाव मिळाले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. हे उत्पादन प्रयोगशाळेतून निघाले नाही, दुरुस्तीच्या टेबलावरून निघाले, आणि मला त्यात योगायोग दिसत नाही. इथल्या फ्लॉपींवर इथले विषाणू फिरत होते, आणि ते सर्वांत आधी दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती लागत होते.

असा प्रोग्रॅम करतो काय? प्रत्येक ज्ञात विषाणूच्या सूचनांमधला एखादा खास तुकडा तो आपल्या यादीत ठेवतो आणि प्रत्येक फाइलमध्ये तो तुकडा शोधतो. यादी जुनी झाली की नवा विषाणू समोरून निघून जातो, म्हणून रोजचे अपडेट. दुसरी पद्धत वागणुकीवरून ओळखण्याची. एखादा प्रोग्रॅम एकाएकी शेकडो फाइल्स बदलू लागला, तर ओळख नसली तरी त्याला थांबवायचे. पोलिसांकडे गुन्हेगाराचा फोटो असतो आणि रात्री दोन वाजता गाळ्याचे कुलूप खटखटवणाऱ्याबद्दल संशयही असतो, तसेच हे.

तरीही एक मर्यादा उरते, आणि ती कुठल्याही कंपनीच्या आळशीपणामुळे आलेली नाही. १९८० च्या दशकात फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने गणिताने दाखवून दिले, की प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारा आणि निरपराध प्रोग्रॅमला कधीही दोष न देणारा तपासनीस असूच शकत नाही. युक्तिवाद साधा आहे. असा तपासनीस आहे असे धरा. आता मी एक प्रोग्रॅम लिहितो, जो आधी त्या तपासनिसालाच विचारतो, ‘मी विषाणू आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर तो गप्प बसतो. ‘नाही’ आले तर पसरू लागतो. म्हणजे तपासनीस काहीही म्हणाला तरी चुकतोच. ‘शंभर टक्के संरक्षण’ असे खोक्यावर छापलेले दिसले की मला हा युक्तिवाद आठवतो.

मग उरलेल्या भागाचे काय करायचे? याचे उत्तर मला यार्डातल्या दोन गाळ्यांनी दिले.

२०१८ च्या सुमारास भुसार विभागातल्या एका गाळ्यावर बिलासारखी दिसणारी फाइल ई-मेलने आली. दिवाणजींनी ती उघडली. तासाभरात खतावणी, उधारीची यादी, पावत्या, सगळ्या फाइल्सची नावे बदलली आणि एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी होती. हा विषाणू ‘जोशी’सारखा वाढदिवस साजरा करायला आलेला नव्हता. तो फाइल्स कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. त्याच हंगामात दुसऱ्या एका गाळ्यावरही तेच घडले.

पहिला गाळा चार दिवसांत उभा राहिला. तिथल्या वयस्क दिवाणजींकडे दोन बाहेरच्या डिस्क होत्या. दर आठवड्याला आलटून पालटून एकीवर प्रत काढायची आणि ती डिस्क पिशवीत घालून घरी न्यायची, हा त्यांचा नेम. हाती आलेली प्रत चार दिवसांपूर्वीची होती. मधल्या दिवसांच्या नोंदी काटापट्ट्या आणि कागदी पावत्यांवरून पुन्हा भरल्या. खंडणीचा एक रुपयाही गेला नाही.

दुसऱ्या गाळ्यावरही प्रत होती. पण ती डिस्क बारा महिने संगणकाला जोडलेली असे. विषाणूच्या लेखी ती आणखी एक कप्पा होती, त्याने तीही कुलूपबंद केली. त्या मालकांना महिनाभर किराणा दुकानदारांना फोन करून विचारावे लागले, ‘तुमच्याकडे आमचे किती बाकी आहे?’ ज्याने द्यायचे त्यालाच आकडा विचारायचा, ही व्यापाऱ्यावर येणारी सर्वांत वाईट वेळ. बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितले. काहींना मात्र आठवले नाही.

दोन्ही गाळ्यांवर विषाणूरोधक प्रोग्रॅम होता आणि दोन्हीकडे विषाणू शिरला. फरक पडला तो वायर काढून ठेवण्याच्या सवयीने. फ्लॉपीची झाकलेली खाच आणि पिशवीत घरी नेलेली डिस्क यांचे तत्त्व एकच: जिथे यंत्राचा हात पोहोचत नाही, तिथे विषाणूचाही पोहोचत नाही.

घरात खतावणी नसेल, पण मुलांचे फोटो, वडिलांच्या उपचारांचे कागद, इच्छापत्राचा मसुदा असतोच. म्हणून पहिला नियम प्रतीचा. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आणि निदान एक प्रत काम झाले की तोडून ठेवलेली. वर्षातून दोनदा त्या प्रतीतल्या दहा-बारा फाइल्स उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत असणे आणि प्रत नसणे सारखेच.

दुसरा नियम डागडुजीचा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ विषाणूने जगभरची यंत्रे कुलूपबंद केली. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. दोन महिने ज्यांनी ‘नंतर’ असे बटण दाबले, त्यांच्यातले अनेक जण सापडले. याच कारणाने विंडोज १० वापरणाऱ्यांनी जागे व्हावे: १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची डागडुजी थांबली.

तिसरा नियम अधिकाराचा. रोजच्या कामाला साधे खाते वापरावे, प्रशासकाचे खाते फक्त नवीन प्रोग्रॅम बसवताना. नोकराला तिजोरीची किल्ली रोज देत नाही, तसेच. चौथा, फाइलचे पूर्ण नाव दिसेल अशी सोय चालू करावी. ‘बिल’ म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’ असेल तर ते बिल नव्हे, तो प्रोग्रॅम आहे. पाचवा, एका वेळी एकच विषाणूरोधक. दोन बसवले तर ते एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि यंत्र मंदावते. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू आणि ताजा असेल तर घराला बऱ्यापैकी पुरतो. फुकटात मिळालेल्या चोरट्या प्रोग्रॅमचा ‘क्रॅक’ मात्र कधीच नको. ब्रेनपासून हा रस्ता बदललेला नाही.

आता विषाणू फोनवरही येतो. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, आणि तीही बहुधा ओळखीच्या नंबरावरून, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. पत्रिका कधी ॲप म्हणून बसवावी लागत नाही, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे.

आणि तरीही घडलेच तर? आधी इंटरनेट तोडावे, बाहेरची डिस्क जोडू नये, खंडणी देऊ नये. पैसे देऊनही किल्ली मिळेल याची हमी नसते. काही खंडणीखोर विषाणूंच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मोफत मिळतात, आणि केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे सफाईची मोफत साधने आहेत. खात्यातून पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्याच कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यांच्याकडे तज्ज्ञ होते, आपल्याकडे नाहीत. पण आपल्याकडे एक सोय आहे: आपल्या घरची सगळी महत्त्वाची माहिती एका हातात मावणाऱ्या डिस्कवर बसते. या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला संगणकाला कुंकू लावाल, तेव्हा आधी ती प्रत काढा, एक-दोन फोटो उघडून पाहा आणि वायर काढून डिस्क कपाटात ठेवा.