स्वस्त घड्याळाचे आयुर्मान

जिंतूर हे तालुक्याचे ठिकाण असले तरी तेथे आगगाडी येत नाही. परभणीचे स्टेशन चाळीसेक किलोमीटरवर, आणि तेथील गाडी गाठावयाची तर आधी एस.टी. गाठावी लागते; त्यामुळे चारठाण्याहून, येलदरीहून किंवा बोरीहून बाजाराला, तहसील कचेरीला अथवा दवाखान्याला आलेल्या माणसाच्या मनगटावर जे घड्याळ असते, ते कितीही अल्प मोलाचे असले तरी त्याच्यावर सोपविलेले काम मात्र अल्प नसते. खिशात मोबाइल आला हे खरे. पण पाठीवर फवारणीचा पंप आणि हाताला औषध लागलेले असताना, किंवा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन स्थानकाकडे धावताना, वेळ पाहण्याची सर्वांत सोयीची जागा अद्यापि मनगट हीच आहे. म्हणूनच पाचसहाशे रुपयांना घेतलेले घड्याळ किती वर्षे चालावे आणि त्याचे खरे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न सामान्य संसाराच्या हिशेबातला आहे.

घड्याळ या शब्दाच्या मुळाशी ‘घटी’, म्हणजे लहानसा घडा, आहे. तळाला बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी आणि ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे मानावे, एवढ्यावर लग्नघरचे मुहूर्त साधले जात. आणि या घटिकापात्रात बिघडण्यासारखे काही नसल्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या टिके. थोडक्या भागांत काम भागविणे ही स्वस्त व टिकाऊ वस्तूची पहिली अट होय, आणि युरोपातील स्वस्त घड्याळाचा जन्मही याच विचारातून झाला. स्वित्झर्लंडमधील जॉर्ज-फ्रेडरिक रोस्कोफ या कारागिराने, कामकऱ्याला परवडेल असे खिशातले घड्याळ घडविण्याचा ध्यास घेऊन, प्रचलित रचनेतील अनेक भाग गाळले, अवघ्या ५७ भागांत ते सिद्ध केले आणि त्याची किंमत २० फ्रँक ठेवली. १८६७ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्या घड्याळाला पदकही मिळाले.

आपल्या देशात हे कार्य सरकारी कारखान्याने केले. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे आपल्या एच.एम.टी.ने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला, आणि तिच्या ‘जनता’ घड्याळाचे नावच तिचा हेतू सांगणारे होते. रोज सकाळी किल्ली द्यावयाची, आत १७ खडे, आणि तासाला १८,००० ठोके; म्हणजे वर्षाकाठी पंधरा कोटींहून अधिक ठोके हे इवलेसे चक्र देई. एवढी मजल मारणाऱ्या यंत्राला निगराणी लागते: आतले तेल चारपाच वर्षांत सुकते, धूळ धरते आणि दाते झिजवू लागते. वेळच्या वेळी ते उघडून, धुऊन, तेल घालून घेणाऱ्यांची घड्याळे मुलांच्या हाती गेली. ज्यांनी आळस केला त्यांची पेटीत पडून राहिली. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळे काढणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी तिची जुनी घड्याळे अजून चालताना दिसतात, याचे श्रेय कारखान्याइतकेच ती उघडून साफ करणाऱ्या हातांनाही द्यावयास हवे.

आजचे स्वस्त घड्याळ मात्र सेलवर चालते. जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती; आणि तीच विद्या पुढे इतकी स्वस्त झाली की आज ती बाजारातील सर्वांत हलक्या किमतीच्या घड्याळात आढळते. तिचे तत्त्व सोपे आहे. गारगोटीच्या जातीचा एक सूक्ष्म स्फटिक विजेच्या स्पर्शाने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि त्या एका स्पंदाने सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. महिन्याला वीस-तीस सेकंदांहून अधिक फरक अशा घड्याळात सहसा पडत नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा या स्फटिकालाही जाणवतो. त्याला सुमारे २५ अंशांचे तापमान मानवते. ऊन अधिक तापो वा थंडी अधिक पडो, दोन्ही वेळा तो किंचित मंदावतो. मनगटावर असताना अंगाची ऊब त्याला बरेच सांभाळून घेते, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर ठेवून दिलेले घड्याळ ४५ अंशांच्या उष्म्यात दिवसाला सुमारे एक सेकंद मागे पडू शकते. एवढ्याने कोणाची एस.टी. चुकत नाही. स्वस्त घड्याळाला मारणारे शत्रू निराळेच आहेत: घाम, जो पितळी केसचा मुलामा खातो, काळ्या रानाची धूळ, जी किल्लीच्या फटीतून आत शिरते, आणि पाणी. पाठीवर ३० मीटर असे कोरलेले असले, तरी ते कारखान्यातील दाबाच्या चाचणीचे माप आहे. हात धुताना उडालेले थेंब सोसण्यापलीकडे त्याचा अर्थ घेऊ नये. परंतु या सर्वांहून घातक असतो तो संपलेला सेल.

हे मला जिंतूरच्या बसस्थानकाजवळ काचेची पेटी मांडून बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या शेजारी कळले. एका शेतकऱ्याने बंद पडलेले घड्याळ त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटले, “मामा, ह्ये सा महिने झाले बंद हाय. नवंच घ्यावं म्हंतो.” मामा म्हणाले, “आधी उघडू तर द्या.” त्यांनी पातळ पात्याने पाठीची चकती उचलली, डोळ्याला भिंग लावले आणि मलाही आत पाहू दिले. सेलच्या कडेला हिरवट पांढरा क्षार फुलला होता, आणि त्याची एक रेघ तांब्याच्या पट्टीपर्यंत पोचली होती. मामांनी सेल काढला, स्पिरिटमध्ये बुडविलेल्या बारीक कुंचल्याने तो क्षार धीराने टिपून घेतला, रबरी कडे पुसून पुन्हा खाचेत बसविले आणि नवा सेल घातला. सेकंदकाटा थरथरला, आणि मग नेमाने चालू लागला. “अजून दोन महिने ठेवलं असतं तर पट्टी गेली असती,” ते म्हणाले.

सेलांतही दोन प्रकार असतात. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल अखेरपर्यंत जवळजवळ सारखाच दाब देतो आणि साध्या घड्याळात दोनतीन वर्षे चालतो. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल स्वस्त मिळतो, पण लवकर मंदावतो आणि पाझरण्याचा धोका त्यात अधिक. वीसतीस रुपये वाचविण्यासाठी अख्खे घड्याळ पणाला लावणे हा शहाण्याचा व्यवहार नव्हे.

आता हिशेब मांडून पाहू. समजा घड्याळ ६०० रुपयांचे आहे. दहा वर्षांत पन्नास रुपयांप्रमाणे चार सेल आणि शंभराप्रमाणे दोन पट्टे धरले तर एकूण खर्च हजार रुपये, म्हणजे वर्षाला शंभर. उलट उघडताच न येणारे, पट्टा केसशी एकजीव असलेले दीडशे रुपयांचे घड्याळ वर्षभरात टाकून द्यावे लागले, तर त्याची वर्षाची किंमत दीडशेच. जे स्वस्त वाटले ते महाग ठरले, आणि शिवाय उकिरड्यावर एक भर पडली.

तात्पर्य, टिकाऊपणा घड्याळात निम्मा आणि ते उघडू जाणणाऱ्या गावात निम्मा असतो. जे घड्याळ आपल्याच तालुक्यात उघडते, ज्याचा सेल, काच आणि पट्टा तेथेच मिळतो, तेच घ्यावे. आणि वाचकांना एक विनंती: घरातील फळीवर बंद पडलेले घड्याळ असेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी ते कारागिराकडे न्या, निदान त्यातला मेलेला सेल तरी काढून घ्या.